साडूनं ओके दिलेला कॅसिनो

साडू हे नातं कुणी शोधून काढलं मला ठाऊक नाही, पण त्याला स्वतःला साडू नसावा. दोन परके पुरुष एकाच घरच्या दोन बहिणींशी लग्न करतात आणि मरेपर्यंत एकाच सासूसमोर शेजारी-शेजारी पाटावर बसतात. माझ्या शेजारच्या पाटावर गोरक्ष बसतो. मला तो आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुणी म्हणायला नको की सयाजीनं मनात धरून लिहिलं. मनात धरूनच लिहितोय.

गोरक्ष मूळचा बीडकडचा. चाकणला गाड्यांच्या स्टिअरिंगचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. बाहेरून माल आला की आधी याच्या टेबलावर जातो. हा मापं घेतो, कागद बघतो आणि मग हिरवा स्टिकर लावतो, नाहीतर लाल. कामाला पक्का आहे, हे वैऱ्यानंही मान्य करावं, म्हणून मी करतो. पण शिफ्ट सुटली तरी याची क्वालिटी सुटत नाही. मुलगी बघायला आला तेव्हा पोहे खाता खाता यानं वर्षाराणीचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला होता. झेरॉक्स पुढं केली तर म्हणाला, "ओरिजिनल नाही का?" कलिंगड घ्यायचं असो, मोबाइल घ्यायचा असो, नाहीतर मोशीत फ्लॅट बुक करायचा असो, आमच्या सासरवाडीत आधी विचारतात, गोरक्षनं ओके दिलं का? मी सेकंड हॅण्ड टेम्पो घेतला तेव्हा सगळे पेढे खात होते आणि हा मागच्या चाकाशी वाकून बसला होता. उठून हात झटकत म्हणाला, "सयाजीराव, स्प्रिंगच्या पाट्याला चीर आहे." चीर होती, म्हणून तर तो माझ्या जास्तच डोक्यात जातो.

सासूबाईंना आम्ही दोघंही मामी म्हणतो. त्यांचं नाव सरुबाई. महाळुंग्यात कंपन्यांच्या रस्त्याला लागून त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. पत्र्याच्या दोन खोल्या, मोठा तवा, दोन शेगड्या. मामा गेल्यावर मामींनी ते सुरू केलं आणि त्या तव्यावर दोन्ही लेकींची लग्नं काढली. पोळ्या लाटायला कौशल्याबाई आणि तानुबाई. शिफ्ट सुटली की पोरांची रांग लागते. लातूरची, नांदेडची, कोकणातली पोरं. त्यांच्या खिशात नोट सापडायची नाही, सगळे क्यूआरवर पैसे टाकतात. मोशीच्या मार्केटातली भाजी, किराणा, गॅस, दोघींचा पगार, सगळं मामी त्याच खात्यातून देतात. ते एक खातं म्हणजेच केंद्र.

आता कॅसिनोकडे येतो. गेल्या वर्षी सरकारनं कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ सगळे बंद केले. पुढच्या दारानं हाकललेलं मांजर मागच्या दारानं येतं, तसे ते टेलिग्रामवरच्या लिंकनं परत आले. पत्ते, फिरणारं चाक, आणि एक विमान, जे उडत राहतं तोवर पैसे वाढत जातात आणि ते गायब व्हायच्या आत आपण पैसे काढायचे. गोरक्षच्या लाइनवरच्या पोरांना अशा एका अ‍ॅपची लिंक आली. थोडी भीती वाटली असणार, कारण ती याच्याकडे आली आणि म्हणाली, "गोरक्षभाऊ, तुम्ही बघून सांगा ना, खरं आहे का बोगस."

शहाण्या माणसानं सांगितलं असतं, भावा, कायद्यानं बंद आहे, त्यात खरं-खोटं काय बघायचं? पण "तुम्ही बघून सांगा" एवढे शब्द कानावर पडले की गोरक्षच्या अंगात येतं. नवीन सप्लायरचं ऑडिट करावं तसं त्यानं त्या कॅसिनोचं ऑडिट सुरू केलं.

हे आम्हाला कळलं धोंड्याच्या जेवणाला. यंदा अधिक महिना आला होता आणि मामींनी दोन्ही जावयांना बोलावलं होतं. केंद्राला त्या दिवशी सुट्टी. मामींनी आमचे पाय धुतले, गंध लावलं, पुरणाचे धोंडे वाढले आणि वर तुपाची धार धरली. माझी विजयश्री आणि त्याची वर्षाराणी आत होत्या. गोरक्षनं एका हातानं खाता खाता दुसऱ्या हातातला फोन माझ्यापुढं केला.

"हे बघा, सयाजीराव. खाली परवान्याचा नंबर लिहिलाय."

"कुठला परवाना?"

"परदेशातला आहे. एका बेटावरच्या सरकारचा."

"तुम्ही फोन केला का त्या सरकारला?"

"नंबर आहे म्हणजे असणारच की. आणि हा शिक्का बघा, खेळ तपासणाऱ्या संस्थेचा. वर कुलूप दिसतं का? म्हणजे साइट सुरक्षित. प्रत्येक खेळात शंभरातले किती परत मिळतात ते पण छापलंय. लपवाछपवी करणारा माणूस छापेल का? कस्टमर केअरला कधीही मेसेज करा, मराठीत उत्तर येतं."

मी म्हणालो, "गोडबोल्या माणूस मराठीत बोलला म्हणून खरा होतो का?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं लाल स्टिकरच्या मालाकडं बघतो.

त्याच्या मते आता एकच चाचणी उरली होती. आत पैसे सगळेच घेतात, बाहेर कोण देतो ते बघायचं. आठवडाभर तो थोडे थोडे लावून खेळला होता आणि खात्यावर बऱ्यापैकी जिंकलेले दिसत होते. ते काढून बघायचे होते. अडचण अशी की त्याच्या बँकेचे मेसेज वर्षाराणीच्या फोनवर जातात; थोडे थोडे गेलेले तिच्या ध्यानात येत नाहीत, पण एवढे एकदम आले तर ती विचारणारच. म्हणून हा शहाणा, मामी वाढायला आल्या तसा म्हणाला, "मामी, जरा तुमचा फोन द्या."

मी विचारलं, "मामींचा कशाला?"

"त्यांच्या क्यूआरवर घेतो. तिथं दिवसाला ढिगानं व्यवहार होतात, त्यात एक. आणि पैसे येणार आहेत सयाजीराव, जाणार नाहीत. येण्यात कसला आलाय धोका?"

सासूनं जावयाला "कशाला" असं विचारायचं नसतं. धोंड्याच्या दिवशी तर नाहीच. मामींनी कमरेचा फोन काढून दिला आणि मलाच म्हणाल्या, "असूं द्या की, पाव्हण्यांना कळतंय समदं." खरं सांगतो, राग आला. रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल मी सांगितलं तर मामी दोनदा विचारतात, आणि यानं फोन मागितला की एका शब्दानं देतात.

आम्ही हात धुवेपर्यंत पैसे आले. चार हजार दोनशे. गोरक्षनं कपाळावरच्या गंधासकट मान वर केली आणि म्हणाला, "ओके." मामींनी दुसऱ्या दिवशी तेवढे पैसे त्याला रोख नेऊन दिले. वर धोंड्याचा पोशाख होताच, शर्टपँटचं कापड आणि टोपी. कंपनीत जाऊन त्यानं पोरांना सांगितलं, पैसे बाहेर येतात, मी काढून बघितलेत. अर्धी लाइन त्या विमानाच्या मागं लागली.

पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात मी मामींना घेऊन मोशीच्या मार्केटात गेलो होतो. बटाट्याचं पोतं टेम्पोत चढलं आणि मामींचं पेमेंट काही होईना. पुन्हा केलं, होईना. दुकानदार ओळखीचा, तो म्हणाला, नंतर द्या. आम्ही तसेच बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं पडद्यावर बघितलं, मग मामींकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खात्यावर पोलिसांनी होल्ड लावलाय. सायबरची तक्रार आहे."

"म्हंजी?" मामींनी विचारलं.

"म्हणजे पैसे आत येतील, पण बाहेर जाणार नाहीत."

"म्या काय केलं गं बाई?"

त्या मुलीला तरी काय माहीत. तिनं एवढंच दाखवलं की धोंड्याच्या दिवशी जे चार हजार दोनशे आले ते कुणा परराज्यातल्या माणसाच्या खात्यातून आले होते आणि तक्रार त्या पैशांवर आहे.

त्यानंतरचे दिवस मला आठवले तरी तिडीक येते. रांगेतली पोरं जेवून क्यूआरवर पैसे टाकायची आणि ते आत जाऊन अडकायचे. जितक्या पोळ्या विकल्या तितकं नुकसान. मामींनी क्यूआरवर फडकं टाकलं आणि रोख मागायला सुरुवात केली, तर पोरं खिसे चाचपून पुढच्या खानावळीत गेली. नवीन खातं काढायचं म्हटलं तर मामी बँकेची पायरी चढायला तयार होईनात. गॅसवाल्यानं एकदा उधार दिला, दुसऱ्यांदा नाही. तानुबाई एका कंपनीत झाडलोटीच्या कामाला लागली. कौशल्याबाई रोज सकाळी यायची, दाराशी बसायची आणि दुपारी घरी जायची. एक दिवस मी गेलो तर मामी थंड तव्यापुढं बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पाव्हणं, लोकं म्हणत्यात सरुबाईच्या खात्यात चोरीचं पैसं घावलं. उभ्या जल्मात म्या कुणाची काडी उचलली न्हाई वो." मी जाऊन गोरक्षला त्याच्या कंपनीच्या गेटातून बाहेर बोलावलं आणि टेम्पोत घालून आणलं.

तो आला आणि मामींची माफी वगैरे काही नाही, मांडी घालून बसला आणि तोडगा काढायला लागला. "घाबरायचं कारण नाही, मामी. सायबरला जबाब द्यावा लागेल. आपण सांगायचं, वास्तुशांतीच्या डब्यांची ऑर्डर होती, गिऱ्हाइकानं पैसे टाकले. गिऱ्हाइकाचं खातं चोरीचं निघालं, त्यात आपला काय दोष?"

"आणि खेळाचं?" मी विचारलं.

"ते कशाला काढायचं? कंपनीत कळलं तर माझं ऑडिटचं काम जाईल."

तिथं माझा तोल गेला. एक गोष्ट इथं सांगावी लागते. मी लोखंडाच्या सळ्या वाहतो. प्रत्येक गठ्ठ्यावर एक नंबर रंगवलेला असतो, ते लोखंड कोणत्या भट्टीतून, कोणत्या ओतणीतून निघालं त्याचा. त्याला हीट नंबर म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात एका गठ्ठ्यावरचा नंबर पुसला गेला होता म्हणून या माझ्या साडूनं अख्खा टेम्पो गेटावरून परत पाठवला. मी उन्हात उभा, पोटात कावळे. हात जोडले. तो मला म्हणाला होता, "माल चांगला असेल सयाजीराव, पण कुठून आला ते कळत नाही ना? मग आत घ्यायचा नाही."

ते सगळं मी त्याच्या तोंडावर फेकलं. "लोखंडाची सळी कुठून आली ते कळल्याशिवाय तुम्ही कंपनीच्या आत घेत नाही. आणि पैसे? कुणाच्या नावानं आले, कुठल्या माणसानं पाठवले, कॅसिनोचे पैसे कॅसिनोच्या खात्यातून का आले नाहीत, हे बघितलं का तुम्ही? सासूच्या पदरात टाकलेत की सरळ!"

गोरक्षनं बसल्या जागी मांडी बदलली. मग म्हणाला, "तो माल होता. हे पैसे आहेत." असल्या माणसाशी काय बोलणार? मी उठून बाहेर गेलो, नाहीतर हात उचलला गेला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सायबर पोलिसांकडे गेलो. समोर एक मॅडम होत्या. मामी खुर्चीच्या कडेवर बसल्या, पदर डोक्यावर, दोन्ही हात मांडीवर. पोलिसांच्या दारात त्या कधी उभ्या राहिलेल्या नव्हत्या. मॅडमनी विचारलं, "आजी, हे चार हजार दोनशे कशाचे?"

मामींनी तोंड उघडायच्या आत गोरक्ष बोलला. "मॅडम, वास्तुशांतीच्या डब्यांची ऑर्डर होती. आमच्या मामी अडाणी आहेत, त्यांना व्यवहारातलं..."

"गोरक्ष."

मी दचकलो. इतक्या वर्षांत मामींच्या तोंडून मी त्याचं नाव ऐकलं नव्हतं. पाव्हणं, जावईबापू, वर्षाचे मालक, एवढंच. आज त्यांनी त्याला पोराला हाक मारावी तशी हाक मारली.

"गोरक्ष, तू गप बस." मग त्या मॅडमकडं वळल्या. "ह्ये डब्याचं न्हाईत. ह्यानं फोनवर पैशाचा खेळ खेळून आणल्यात. माझ्या खात्यावर घेतलं. फोन म्या दिला, इचारलं न्हाई, ती माझी चूक. पर डबा न्हाई, ऑर्डर न्हाई. आन् म्या अडाणी बी न्हाई."

गोरक्षचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं आजी, खरं बोललात. ऑर्डर म्हणाला असतात तर मी गिऱ्हाइकाचा नंबर मागितला असता, आणि मग तुम्हीच गुंतला असतात." मग त्यांनी गोरक्षकडून अ‍ॅप उघडून घेतलं आणि त्याचं ऑडिट त्याच्यासमोरच सोलून काढलं. परवान्याचा नंबर होता, पण भलत्याच कंपनीचा. तपासणी संस्थेचा शिक्का म्हणजे नुसतं चित्र, त्यावर दाबलं तर काहीच उघडत नव्हतं. "आणि कुलपाचा अर्थ एवढाच," त्या म्हणाल्या, "की तुमचं आणि चोराचं बोलणं तिसरा कुणी ऐकत नाही. पैसे भरताना दर वेळी वेगळ्या माणसाच्या नावावर भरायला सांगत होते ना? तिथंच कळायला हवं होतं."

"पण मॅडम, पैसे तर दिले त्यांनी," गोरक्ष म्हणाला. "काढून बघितले मी."

"पहिल्यांदा देतातच. गळाला गांडूळ लावल्याशिवाय मासा येतो का? आणि ते कुणाचे देतात माहीत आहे? जालन्याला एक निवृत्त नर्सबाई आहेत. लाइट तोडणार म्हणून त्यांना फोन आला आणि खातं साफ केलं. ते पैसे परराज्यातल्या, भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून फिरवले आणि तुमच्यासारख्यांना जिंकले म्हणून वाटले. कोणता कॅसिनो सुरक्षित, हे विचारायला लोक माझ्याकडं रोज येतात. कायद्यानं सगळेच बंद आहेत. बंद दुकानात मागच्या दारानं शिरायचं आणि वजनकाटा बरोबर आहे का विचारायचं, हे काय आहे?"

मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "त्या बाईचं पैसं तिला जाऊं द्या. माझ्या खात्यातनं घ्या."

तसंच झालं. तेवढी रक्कम अडकून राहिली ती त्या बाईंना जाण्यासाठी, आणि बाकीचं खातं मोकळं व्हायला पावसाळा निम्मा सरला. अ‍ॅप तोवर गायब. मराठीत उत्तरं देणारा गप्प. लाइनवरच्या पोरांनी जे घातलं ते गेलं, आणि हल्ली गोरक्षला कलिंगडसुद्धा कुणी दाखवत नाही. वर्षाराणी त्याच्याशी कामापुरतं बोलते. त्याच्या ऑडिटच्या कामाला मात्र काही झालं नाही. मी मध्यंतरी विचारलं, आता तरी मान्य आहे का? तर हा माणूस मला म्हणतो, "पहिला लॉट ओकेच होता, सयाजीराव. क्वालिटी नंतर बिघडली."

मामींनी केंद्र पुन्हा सुरू केलं. कौशल्याबाई आली, तानुबाई नाही आली. जुनी पोरं निम्मी पांगली होती. दुपारच्या शिफ्टच्या वेळी मी भाजी उतरवत होतो तेव्हा गोरक्ष आला. सरळ आत जाऊन बसला, जसा नेहमी बसायचा. मामींनी त्याला ताट वाढलं. वांग्याची भाजी, तीन पोळ्या, कांदा. त्यानं आणखी एक पोळी मागितली, तीही वाढली. मला वाटलं, झालं, विसरल्या मामी. जावई तो जावईच.

तो हात धुऊन निघाला तेव्हा मामी तव्यापुढून न हलता म्हणाल्या, "साठ झालं."

गोरक्ष हसला. सासरवाडीत जेवून पैसे द्यायचे, असं कुणी ऐकलंय का? त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कोथिंबिरीच्या जुड्या मोजायला लागलो.

"मामी, मी..."

"साठ रुपयं. त्यो कागुद हाय भिताडाला. फोन लाव त्याला."

मागं रांग उभी होती. त्यानं मुकाट्यानं फोन काढला आणि स्कॅन केलं. मामींचा फोन वाजला. त्यांनी हाताचं पीठ पदराला पुसलं, फोन उचलला आणि त्याच्यापुढं धरला.

"कुणाच्या नावानं आलं, वाच."

"मामी, लोक बघतायत."

"मोठ्यानं वाच."

पोळी तव्यावर करपत होती आणि मामी फोन खाली घेत नव्हत्या. गोरक्षनं एकदा रांगेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मग मोठ्यानं वाचलं, "गोरक्ष ज्ञानदेव शेळके."